खड्ड्याचा कर्ता कोण?

रस्त्यात खड्डा ‘पडला’, गटाराचे झाकण ‘गेले’ आणि एक मनुष्य ‘दगावला’ असे आपण सहज बोलून जातो. व्याकरणदृष्ट्या खड्डा हाच येथे कर्ता! कंत्राटदार, अभियंता, देयक मंजूर करणारा अधिकारी ह्यांपैकी कोणाचाही त्या वाक्याशी सुतराम संबंध नसतो. भाषेची ही सवय प्रशासनाच्या फार पथ्यावर पडली आहे.

दि. २९ ऑगस्ट २०१७ रोजी तुंबलेल्या पाण्यातून पायी घरी निघालेले मुंबईतील एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये नाहीसे झाले आणि दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याशी त्यांचे शव मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंधेरीस मुसळधार पावसात एक महिला तशीच उघड्या गटारात पडून मृत्यू पावली. मधल्या सात वर्षांत शहरात नव्या मेट्रो धावू लागल्या. झाकण मात्र जागेवर बसले नाही.

ह्यास दैव म्हणणे कायद्यास मान्य नाही, आणि ही गोष्ट आजची नव्हे. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, त्या खटल्यात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेस जबाबदार धरले. मनोरा तिचा, देखभाल तिची. तेव्हा तो पडला हीच गोष्ट निष्काळजीपणाची साक्ष होय, असा त्या निर्णयाचा आशय. तथापि रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून मेलेल्या इसमाच्या कुटुंबास राजकोट महापालिकेविरुद्ध ह्याच न्यायालयात १९९७ साली हार पत्करावी लागली. हक्क आहे, पण त्याची वाट सरळ नाही.

वाहनाने धडक दिली तर मोटार अपघात दाव्यांसाठी न्यायाधिकरण आहे. खड्ड्यात दुचाकी आदळून पडलेल्याने कोठे जावे? मुंबई महापालिकेवर दावा लावावयाचा, तर १८८८ च्या अधिनियमातील ५२७ व्या कलमान्वये आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावाही सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. रोजंदारी बुडालेल्या, पायास प्लॅस्टर घालून पडलेल्या माणसाने एवढ्या अवधीत वकील गाठावा, अशी अपेक्षा ज्यांनी केली त्यांच्या पायास कधी प्लॅस्टर लागले नसावे.

म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला आदेश आम्हांस मोलाचा वाटतो. खड्डा वा उघडे मॅनहोल ह्यांमुळे मृत्यू आल्यास वारसांस ६ लाख रुपये आणि जखमीस इजेच्या मानाने ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, महापालिका हद्दीत आयुक्त व विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव ह्यांच्या समितीने निर्णय करावा व सहा ते आठ आठवड्यांत रक्कम हाती पडावी, असे न्यायालयाने फर्माविले. सुरक्षित रस्ता हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हा त्याचा पाया.

कर्ता माणूस गेलेल्या घरास ६ लाख किती दिवस पुरणार, हे सांगावयास नको. परंतु आमच्या मते ह्या आदेशाचे मर्म रकमेत नाही. संस्थेने आधी पैसे द्यावे व मागाहून ते दोषी कंत्राटदार आणि अधिकारी ह्यांच्याकडून वसूल करावे, ह्या अटीत आहे. ही वसुली झाली नाही, तर पडलेल्याचे हाड सांधण्याचा खर्च त्याच्याच शेजाऱ्यांनी कररूपाने द्यावयाचा आणि खड्ड्यास कारण झालेला गृहस्थ पुढील निविदा भरीत बसावयाचा! कंत्राटदाराच्या देयकातून एकदा ६ लाख वजा होऊ द्या. डांबराचा थर आपोआप जाड होईल.

यास्तव अर्जाचा मराठी नमुना प्रत्येक विभाग कार्यालयात व सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागांत मिळाला पाहिजे. अर्ज किती आले, रकमा किती दिल्या आणि कोणाकडून किती वसूल केले, ह्याची यादी दरमहा फलकावर लागली पाहिजे. नागरिकांनीही नशिबास बोल लावून घरी परतू नये. पोलिसांतील नोंद, डॉक्टरांचा दाखला, औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि जागेचे छायाचित्र त्याच दिवशी घ्यावे. कारण कोणी पडल्यावर दुसऱ्या दिवशी खड्ड्यात खडी टाकण्याच्या कामी मात्र आमचे प्रशासन कमालीचे तत्पर असते.