एकच सहामाही

हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला आलात तर पुरी आणि वांग्याची भाजी वाढणारी स्वयंसेवक मुलं बघा. त्यात सतरा-अठरा वर्षांची कितीतरी. विश्वास टाकून काम सांगितलं की जीव ओतणारी. अनंत कान्हेरे याच वयाचा होता, म्हणून हे लिहितोय.

औरंगाबादला शिकताना त्याची दुसरीच एक शाळा सुरू झाली. तिला ना इमारत, ना हजेरीपट. शपथ, गुप्तता, पिस्तुलाचा सराव. प्रवेशपरीक्षा म्हणून त्याने पेटत्या दिव्याची तापलेली काच हातात धरून दाखवली, असं सांगतात. तिकडे कलकत्त्यात माणिकतळ्याच्या बागेत तर बारींद्र घोषांच्या देखरेखीखाली गीताही शिकवत आणि बॉम्बही! बॉम्बची विद्या पॅरिसहून आणली ती हेमचंद्र दास आणि आपले पारनेरचे सेनापती बापट यांनी.

मला विचाराल तर या शाळांत शस्त्र हा दुय्यम विषय. चाप ओढायला शिकायला असा किती वेळ लागतो? अवघड धडा वेगळाच... समोर माणूस दिसू द्यायचा नाही, हुद्दा तेवढा दिसला पाहिजे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक, मराठी बोलणारा. पण बाबाराव सावरकरांना कवितांवरून जन्मठेप झाली होती, तो रागही काही खोटा नव्हता. ती शिक्षा जून १९०९ ची. विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर कान्हेरेने गोळ्या झाडल्या २१ डिसेंबरला. मध्ये मोजून एक सहामाही! १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्यासोबत तो फासावर गेला.

त्याच्या धैर्याबद्दल मी काय बोलणार? माझी तक्रार आपल्या भाषणांशी आहे. त्यात फाशीचा दिवस येतो, ती सहामाही येत नाही. मुझफ्फरपूरला १९०८ मध्ये खुदीराम आणि प्रफुल्ल चाकी यांचा बॉम्ब किंग्जफर्डऐवजी केनेडी मायलेकींवर पडला, हेही आपण घाईघाईने उरकतो.

बारींद्र आणि हेमचंद्र अंदमानातून जिवंत परतले. दोघांनी आठवणी लिहिल्या. हेमचंद्रांनी तर १९२८ च्या पुस्तकात आपल्याच मंडळींना चांगलं फैलावर घेतलं. तेव्हा ते पन्नाशीच्या घरात होते. कान्हेरेला विशीसुद्धा गाठता आली नाही.