हसतंय कोण?

ब्लॅक कॉमेडी म्हणजे काळा विनोद. त्यातलं काळं आमचं आणि विनोद त्यांचा, असा हिशेब आजवर चालला. दोस्तहो, चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' बघा. पण पडद्याकडे बघता बघता शेजारच्या खुर्चीकडेही बघा. कुठं कोण हसतंय ते मोजा.

मी मोजलं. मुळशीत, धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टात फेस्टिव्हल होता. गोदीतल्या पाळीला खाडा करून गेलो. पिच्चर २०१४ चा, व्हेनिसला बक्षीस मिळवलेला. पण हॉलमधल्या बऱ्याच जणांना नवा होता, मलाही.

नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका गटार कामगारानं गटारात उतरून जीव दिला. म्हणजे माणूस गटारात मेला, तर गॅस जबाबदार नाही, उतरवणारा जबाबदार नाही. गाणं जबाबदार! हॉल हसला. एका बाईनं बिनबाह्यांचा ड्रेस घातलाय म्हणून जज्जसाहेब तिची केस ऐकत नाहीत. हॉल खो खो हसला. सरकारी वकीलबाई १८७६ चा नाटकांवरचा इंग्रजी कायदा घडाघडा वाचते. पुन्हा हशा. तो कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. डोकं रद्द झालं का?

मग मयताची बायको साक्षीला येते. नवरा दारू पिऊन उतरायचा, वास सोसत नाही म्हणून. आधी आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे. इथंही दोघंतिघं हसले. सवय लागली होती. जहाजाच्या बंद पोटात उतरताना आम्हीही आधी हवेचाच अंदाज घेतो. मला हसू आलं नाही. हे काम केलंय उषा बाणे यांनी. त्या स्वतःच गटार कामगाराची विधवा.

आणि हॉल गप्प कधी झाला? वकीलबाई घरच्यांना घेऊन मराठी नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीयाची टिंगल चाललीय आणि पडद्यावरचं पब्लिक पोट धरून हसतंय. तेव्हा आमच्या हॉलात चिडीचूप. आरसा दिसला की हसणारा गप्प होतो. ताम्हाणेची खरी करामत ही.

बाकीचा विनोद सरकारी आहे. हातानं मैला उचलायला बंदी घालणारा कायदा १९९३ चा. २०१३ ला आणखी एक. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाला १० लाख भरपाई ठरवली, २०२३ ला ३० लाख. मरण थांबलं नाही, भाव वाढला. आणि शाहिराचं म्हणाल तर पुण्याच्या कबीर कला मंचाचा सचिन माळी एप्रिल २०१३ ला आत गेला, त्याला जामीन मिळाला जानेवारी २०१७ ला. कांबळे काय हवेतून आला?

एक तक्रार आहेच. कॅमेरा वकिलाच्या घरी जातो, वकीलबाईच्या स्वयंपाकघरात जातो. कोर्टाला सुट्टी लागली की जज्जाबरोबर रिसॉर्टातही जातो. पण जेलातल्या कांबळेची रात्र कुठं आहे? आम्ही साक्षीपुरते आणि मरणापुरते. मुळशीचंही तसंच. इथलं पाणी डोंगराखालच्या भिऱ्याला गेलं आणि त्याची वीज मुंबईला. १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट पुस्तकात आले. जमिनी गेल्या त्यांची नावं निघाली. ज्यांना जमीनच नव्हती, त्यांच्या बुडण्याची नोंद कुणी ठेवली?

वीरा साथीदार कांबळे झाले. ते नट नव्हते, चळवळीचा माणूस, 'विद्रोही'चे संपादक. २०२१ च्या एप्रिलात कोरोनानं गेले. पडद्यावर ते एकदाही दयेची भीक मागत नाहीत. म्हणून तो पिच्चर आमचाही आहे.

हसणं सोडायचं नाही, मित्रांनो. हसणं मूळ आपलं आहे. तमाशातला सोंगाड्या राजाची फिरकी घ्यायचा. भीमराव कर्डकांच्या जलशानं हसवत हसवत बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला. काळा विनोद व्हेनिसहून आलेला नाही, आपल्या ढोलकीतून निघालाय. 'कोर्ट' वस्तीत लावा. चाळीच्या भिंतीवर पांढरी चादर ताणा. बघू या, तिथं कोण कुठं हसतंय. आणि पुढचा पिच्चर, पुढचं वग आपण लिहू. त्यात झुरळ बाहेर येईल, तेव्हा आत उतरायची पाळी कुणाची, हे आपण ठरवू.