वायरीला दोन टोकं असतात!

गेल्या शनिवारी सकाळी चहा पिता पिता मोबाइल उघडला तर एका मित्राने त्याच्या नव्या गाडीचे फोटो पाठवलेले. टपावर रॅक, रॅकवर लाइटची लांबलचक पट्टी, मागे डिकीत ४० लिटरचा फ्रिज आणि फ्रिजशेजारी एक नवी कोरी बॅटरी. खाली लिहिलेलं, "ड्युअल बॅटरी सेटअप डन! आता डायरेक्ट स्पिती!" मी एकच प्रश्न विचारला, "मागच्या बॅटरीपाशी फ्यूज लावलाय का?" उत्तर आलं, "अरे पुढे लावलाय ना."

बस्स. आजचं सगळं लिखाण या "पुढे लावलाय ना"च्या विरोधात आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. गाडीची मूळ बॅटरी स्टार्टर फिरवायला बनवलेली असते. दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि मग दिवसभर आराम. तिच्या प्लेटा पातळ असतात, रात्रभर हळूहळू रिकामं होणं तिला मानवत नाही. गाडीतला छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो. तो मधून मधून बंद होतो हे धरलं तरी उन्हाळ्यात दिवसाकाठी ३०-४० अँपिअर-तास सहज खातो. म्हणजे बॉनेटखालच्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर एक रात्र फ्रिज चालवला की सकाळी गाडी नुसती "टक" करते आणि गप्प बसते. भोरला असं झालं तर कोणी ना कोणी धक्का मारायला येतो. काझाच्या पुढे कोण येणार? म्हणून मग फ्रिज आणि तंबूतल्या दिव्यांसाठी मागे दुसरी बॅटरी ठेवायची, दोघींमध्ये एक जाड वायर आणि एक रिले टाकायचा. इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतात, बंद केलं की रिले त्यांना वेगळं करतो. ऑस्ट्रेलियातले भटके कित्येक वर्षं हेच करत आलेत. कल्पना उत्तम आहे, माझं तिच्याशी काहीही भांडण नाही.

माझं भांडण आहे ते आपण दुसऱ्या बॅटरीला "ॲक्सेसरी" समजतो त्याच्याशी.

हॉर्न ही ॲक्सेसरी. लाइटची पट्टी ही ॲक्सेसरी. या वस्तू करंट फक्त घेतात. त्यांच्या वायरीला बॅटरीपाशी एक फ्यूज लावला की काम झालं, कारण करंट येणार तो एकाच बाजूने. बॅटरी मात्र घेतेही आणि देतेही. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरीला दोन मालक असतात. सोसायटीच्या गच्चीवर दोन टाक्या पाइपने जोडलेल्या आहेत आणि पाइप मधेच फुटला, तर एकाच टाकीचा कॉक बंद करून चालेल का? दुसरी टाकी रिकामी होईपर्यंत जिन्यातून धबधबा वाहणारच. हे आमच्या वॉचमनकाकांना कळतं. मला कळलं नव्हतं.

हो, मला. आता माझी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी मी पण हेच केलं. फिटर चांगल्या हाताचा होता. बॉनेटखाली बॅटरीपाशी ६० अँपिअरचा फ्यूज, किल्लीवर चालणारा रिले, तिथून गाडीच्या आतून सीटखालून जाणारी लाल वायर आणि मागे ७५ अँपिअर-तासांची बॅटरी. दीड तासात काम तमाम. मी मारे विचारलंही, "फ्यूज टाकलाय ना?" तो म्हणाला, "टाकलाय ना साहेब, हा काय." मी मान डोलावली. मग मजुरीत दोनशे रुपयांसाठी घासाघीस केली आणि खूश होऊन घरी आलो.

नोव्हेंबरात ताई आणि भाच्याला घेऊन भोरच्या पुढे नीरा देवघरच्या पाण्याकडे उतरणाऱ्या एका कच्च्या वाटेवर गेलो होतो. गाडी चांगली हेलकावे खात होती. मागून भाचा म्हणाला, "मामा, घाण वास येतोय." सहा वर्षांच्या मुलाला घाण वास येतोच कशाचा ना कशाचा, म्हणून मी पुढे चाललो. मग ताई ओरडली, "अरे धूर येतोय सीटखालून!" मी सवयीप्रमाणे किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

धूर बंद झाला नाही.

त्या क्षणी डोक्यात जे होतं ते नीट आठवतंय मला. "किल्ली बंद आहे, मग हे जळतंय कशावर?" दोघांना खाली ओढलं, मागचं दार उघडलं. बॅटरीचं टर्मिनल सोडवायला दहाचा पाना लागतो आणि पान्यांचा डबा होता फ्रिजच्या खाली. फ्रिज हलवतोय, सीटचा फोम जळतोय, हाताला चटका बसला. आणि मग फट्‌ असा आवाज झाला आणि सगळं आपोआप थांबलं. मागच्या टर्मिनलवरचा लग नीट दाबून बसवलेला नव्हता. तो सांधा तापून वितळला आणि वायर निखळून पडली. म्हणजे बघा, चांगल्या कामाने नाही, तर एका सुटलेल्या कच्च्या सांध्याने आम्ही वाचलो.

नंतर उघडून पाहिलं. सीटच्या लोखंडी पट्टीवर घासून घासून वायरीचं आवरण फाटलं होतं आणि तांबं बॉडीला टेकलं होतं. पुढचा फ्यूज उडालेला होता. त्याने त्याचं काम चोख केलं. रिलेही किल्लीबरोबर सुटला होता. पुढची बाजू पूर्ण मेली होती. वायर जाळत होती ती मागची बॅटरी, जिच्यापाशी काहीच नव्हतं.

किती जोरात जाळत होती? हिशेब करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. धडधाकट लेड-ॲसिड बॅटरीचा अंतर्गत रोध असतो काही मिलिओहम. सांधे, टेकण्याची जागा वगैरे धरूनही शॉर्टमध्ये ५०० अँपिअर सहज वाहतात. माझी वायर १० चौरस मिलिमीटरची होती. तिच्या एका मीटरचा रोध १.७५ मिलिओहम. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे एका मीटरमध्ये जवळपास ४४० वॅट. अर्धी इस्त्री म्हणा, पण बोटापेक्षाही बारीक वायरीत कोंबलेली. त्या मीटरभर तांब्याचं वजन ९० ग्रॅम. ते दर सेकंदाला १२-१३ अंशांनी तापतं. दहा-पंधरा सेकंदांत प्लास्टिक वितळायला लागतं, आणि वर फोमची सीट, सीटवर सहा वर्षांचा मुलगा.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच. फ्यूज यंत्राला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो जिथून करंट येतो तिथे लागतो. आणि दोन बॅटऱ्यांच्या वायरीत करंट दोन्हीकडून येतो, म्हणून दोन लागतात. तेही बॅटरीला खेटून, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघडाच राहतो. अमेरिकेत बोटींसाठी एबीवायसीची मानकं आहेत, त्यांत फ्यूज साधारणपणे बॅटरीपासून ७ इंचांच्या आत असावा असं सांगितलंय. बोटीतून उडी तरी मारता येते!

आता नेहमीचे तीन मुद्दे येणार, ते मीच मांडतो.

पहिला: "आमच्या फिटरने इतक्या गाड्या केल्या, एकही जळली नाही." अहो, फ्यूज नसलेली गाडी रोज जळत नाही. ज्या दिवशी वायर घासून उघडी पडते त्या दिवशी जळते. तोवरचे सगळे दिवस तुमच्या बाजूने साक्ष देतात, आणि ती साक्ष काडीच्या कामाची नसते. त्यात ऑफरोड म्हणजे काय? गाडीतली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूवर घासायची, यासाठीच तर आपण तिथे जातो!

दुसरा मुद्दा जरा हुशार लोकांचा: "बहुतेक गाड्यांत मूळ बॅटरीपासून स्टार्टरला जाणाऱ्या जाड केबललाही फ्यूज नसतो." बरोबर, नसतो. पण ती केबल आखूड असते, बॉनेटखालीच असते, तिचा मार्ग ठरलेला असतो आणि ती क्लॅम्पने जखडलेली असते. बॅटरी मागे गेली की गाडी बनवणारेही सावध होतात. बीएमडब्ल्यूच्या ज्या गाड्यांत बॅटरी डिकीत असते, त्यांत अपघात झाला की छोटासा स्फोट घडवून स्टार्टरची केबल तोडणारं टर्मिनल बसवलेलं असतं. एक लांब केबल गाडीच्या पोटातून जाते म्हणून त्यांनी तिथे बारूद ठेवली. आपण काळी टेप गुंडाळतो.

तिसरा: "माझी लिथियम आहे, तिच्यात बीएमएस असतो." असतो, आणि तो शॉर्ट झाल्यावर तोडतोही. पण तो मुळात सेल सांभाळायला असतो आणि त्यातले मॉसफेट बिघडतात तेव्हा बरेचदा चालू अवस्थेतच अडकतात. सेमीकंडक्टर बिघडल्यावर काय करेल ते सांगता येत नाही, वितळलेली तार मात्र परत जुळत नाही. शिवाय लिथियमचा रोध आणखी कमी, म्हणजे शॉर्टचा करंट आणखी जास्त. तिथे काचेचे फ्यूज चालत नाहीत, एवढा करंट तोडण्याची क्षमता लिहिलेला फ्यूज लागतो.

मग दोष कोणाचा? पूर्वी मी तावातावाने फिटरला शिव्या घालायचो. आता नाही घालत. त्याच्याकडे जाऊन दीड तासात काम मागणारा मी. दोनशे रुपये कमी करणारा मी. लाइटच्या पट्टीवर हजारो रुपये उडवून फ्यूज-होल्डरला "कशाला?" म्हणणारे आपण. आणि आपण कोण? डिग्रीवाले इंजिनियर! ऑफिसात कोडची एक ओळ बदलली तरी दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. "हे बंद पडलं तर काय होईल" यावर तास तास मीटिंगा घेतो. पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकलला दोन बॅटऱ्या आणि मधे रेझिस्टन्स असं किरचॉफचं गणित सोडवलेलं असतं. दोन्ही बॅटऱ्यांतून निघणारे करंटचे बाण आपल्याच पेन्सिलने काढलेले असतात. आणि स्वतःच्या गाडीत, जिच्यात घरची माणसं बसणार, तिथे मात्र "फ्यूज टाकलाय ना? टाकलाय. ठीक आहे." ज्याने ते गणित कधी पाहिलं नाही त्याला दोष देणं सोपं आहे. ज्याने मार्क मिळवले त्याचं काय?

म्हणून माझं मागणं सोपं आहे. काम सुरू होण्याआधी एका कागदावर नकाशा काढा. तुम्ही काढा, फिटरने नाही. दोन बॅटऱ्या, मधली वायर, तिची जाडी, दोन्ही टोकांना फ्यूज आणि त्यांचे आकडे. वायर निवडताना लांबी मोजा. जाण्यायेण्याची मिळून १० मीटर आणि ४० अँपिअर असतील तर ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत एक व्होल्टहून जास्त हरवतो आणि वायर तापते ते वेगळंच. १६ ची घेतली तर अर्ध्या व्होल्टाच्या आत काम होतं. मागे लिथियम असेल किंवा गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटरचा व्होल्टेज वरखाली करत असेल, तर नुसत्या रिलेवर भागत नाही, डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो करंटला लगाम घालतो, नाहीतर कमी वेगावर रांगताना अल्टरनेटर भाजून निघतो. पण चार्जर आला म्हणून मागचा फ्यूज गेला असं समजू नका. मागची बॅटरी तिथेच बसलेली असते. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, बाकी सगळीकडे जाड स्लीव्ह, हातभर अंतरावर क्लॅम्प. आणि दहाचा पाना फ्रिजखाली नाही, हाताशी ठेवा. इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा, कारण नंतर बसवलेल्या विजेच्या वस्तूंसाठी आयएमटी २४ ही वेगळी तरतूद घ्यावी लागते.

हे सगळं करायला वेळ नसेल तर? तर दुसरी बॅटरी बसवू नका. एक रात्र बर्फ घालून डबा न्या, कोल्ड्रिंक तेवढंच गार लागतं. वायर अर्धवट टाकण्यापेक्षा न टाकलेली बरी.

ताई अजूनही माझ्या गाडीत मागे बसली की आधी सीटखाली वाकून बघते. काही बोलत नाही, फक्त बघते. मी पण काही बोलत नाही.

त्या मित्राला मी नंतर फोन केला आणि हे सगळं सांगितलं. आधी हसला, मग गप्प झाला. उद्या सकाळी येतोय माझ्याकडे. होल्डर आणि दोन फ्यूज आणून ठेवलेत. पाना आहेच.