पिळल्यावर किती ग्रॅम?

डिसेंबरच्या मेजवान्यांचे मेनू ठरू लागले आहेत. शाकाहारी विभागात पालक-रिकोटा कॅनेलोनी हमखास असणार, कारण पदार्थ बँक्वेटच्या सोयीचा आहे: सकाळी ट्रे रचा, संध्याकाळी भाजा. मात्र वाढताना ट्रेच्या तळाशी पाणी साचलेले दिसते, नळी उचलताच सारण घसरते आणि खापर ओव्हनवर फुटते. आमच्या मते चूक त्याआधीच, सारण कालवताना झालेली असते.

पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. मिनिटभर उकळून, गार करून तो पिळला जातो. पण बारीक चिरल्यावर पुन्हा फडक्यात घालून घट्ट पिळून पाहा, हिरवे पाणी परत निथळते. ट्रेच्या तळाशी दिसते ते हेच. धुतलेली पार्सली आणि मार्जोरमही कोरडी करूनच चिरावी. बेसिल सारणात काळी पडते; ती ट्रे बाहेर आल्यावरच.

रिकोटा रात्रभर फडक्यात निथळत ठेवावा. त्याच्या जागी किसलेले पनीर घातले तर गणित उलटे फिरते. पनीर भट्टीत वितळत नाही, रवाळ राहते. मग ते सैल करायला दूध ओतले जाते आणि पाणी पुन्हा आत येते. त्यापेक्षा दाब न दिलेला ताजा छेना तळहाताने मळून घ्यावा. पनीरच्या उरलेल्या पाण्यातून रिकोटा काढण्याची काटकसर फसते. तापलेले दूध आम्लाने फाडताना रिकोटाची प्रथिने केसिनबरोबरच साकळतात, पाण्यात फारशी उरत नाहीत. रेनेटने चीज करणाऱ्या डेअरीच्या पाण्यातून मात्र रिकोटा निघतो.

उरलासुरला ओलावा शोषायला इटलीत पार्मिजानो रेज्जानो आणि सारण बांधायला अंडे घालतात. पण पार्मिजानोत वासराचे रेनेट असते, त्यामुळे शाकाहारी मेनूत ते बसत नाही. लेबल वाचून मायक्रोबियल रेनेटचे कडक चीज घ्यावे. अंड्याचे काम घट्ट व्हाइट सॉस करतो.

नळ्यांचे तंत्र वेगळे. सुका पास्ता शिजताना वजनाने दुपटीहून जास्त होतो. न उकडलेल्या नळ्या हे पाणी सॉसमधूनच ओढणार. म्हणून त्यांना सॉस पातळ हवा, नळी पूर्ण बुडालेली हवी आणि ट्रे आधी फॉइलने झाकलेला हवा. उकडलेल्या शीटला सॉस घट्टच लागतो. दोन्हींसाठी एकच सॉस वापरणाऱ्या किचनमध्ये एक ट्रे कोरडा आणि दुसरा पाणचट निघणारच. भाजल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच वाढावे.

आपल्या रेसिपी-कार्डांवर ‘पालक दोन किलो’ असे असते. जुडी कोवळी की जून, पावसाळ्यातली की हिवाळ्यातली, यावर त्या दोन किलोंचा अर्थ बदलतो. या हंगामात कार्डावर एक रकाना वाढवा: पिळल्यावर किती ग्रॅम. छेन्यासाठीही तसाच: निथळल्यावर किती. वजनकाटा सारणाच्या टेबलावर आला की हाताखालचा मुलगा बदलला तरी ट्रे बदलणार नाही.