चोर सोडून संन्याशाला सूळ

मोटारीच्या चालकासमोरील फळीवर इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. तो लागला की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. गाडी गॅरेजात जाते, एखादा भाग बदलला जातो, दिवा विझतो आणि सर्व मंडळी निश्चिंत होतात. पंधरा-वीस दिवस लोटतात न लोटतात, तोच दिवा पुन्हा हजर! मग दुसरा भाग बदलावयाचा. कधी ऑक्सिजन सेन्सर, कधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अशा रीतीने हजारो रुपये खर्ची पडतात आणि मूळ व्याधी जागच्या जागी राहते. हा खर्च दैवाने नव्हे, तर विचाराच्या आळसाने होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही दोन उपकरणे करतात तरी काय, ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असे घातक वायू निर्माण होतात. धूरनळीत बसविलेल्या कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेला एक ठोकळा असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिसूक्ष्म लेप दिलेला असतो. त्या तप्त लेपावरून जाताना घातक वायूंचे रूपांतर मुख्यतः कार्बन डायॉक्साइड, नायट्रोजन व पाण्याची वाफ यांत होते. हे कार्य नीट साधण्यासाठी एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा असे प्रमाण राखावे लागते. ते राखले जाते की नाही, हे कन्व्हर्टरच्या अलीकडील सेन्सर पाहतो. कन्व्हर्टर आपले काम करतो की नाही, हे पलीकडील सेन्सर पाहतो. दोघेही आपली वार्ता गाडीतील संगणकास कळवितात आणि त्या वार्तेत विसंगती आढळली की संगणक पिवळा दिवा लावतो.

म्हणजे दिवा हा निकाल नव्हे, ती केवळ फिर्याद आहे. स्कॅनर जोडल्यावर ‘पी ०४२०’ असा संकेत दिसला, तर त्याचा अर्थ ‘कन्व्हर्टर बदला’ असा नाही. ‘कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली दिसते’ एवढेच तो सांगतो. का दिसते, हे शोधण्याचे काम माणसाचे आहे. फिर्याद ऐकताच समोर दिसेल त्याला शिक्षा ठोठावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सूळ देणे होय.

या प्रकरणातील चोर पुष्कळदा दूर दडलेला असतो. समजा, सेन्सरच्या अलीकडे धूरनळीच्या सांध्यातील गॅस्केट फाटले आहे. नळीतील धूर एकसंध वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्त प्राणवायू भासतो. ‘पेट्रोल कमी पडते आहे’ अशा समजुतीने संगणक पेट्रोल वाढवितो आणि ते अर्धवट जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरवर जाऊन पडते. येथे सेन्सर निर्दोष, कन्व्हर्टरही निर्दोष. परंतु काही शे रुपयांच्या गॅस्केटपायी दोघांचाही बळी जातो.

दुसरा चोर म्हणजे मिसिंग मारणारे इंजिन. स्पार्क प्लग अथवा कॉइल बिघडली की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते आणि आतील ठोकळा वितळूही शकतो. दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर बहुधा हेच संकट समजावे व गाडी लवकरात लवकर सुरक्षित जागी थांबवावी. तिसरा चोर म्हणजे इंजिन जाळीत असलेले ऑइल. त्यातील फॉस्फरसाचा थर लेपावर चढतो आणि तो कायमचा निकामी होतो. अशा गाडीत नवा कन्व्हर्टर बसविला, तर काही काळाने त्याचीही तीच गत होणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. आपल्याकडील धुवाधार पावसाळ्यात आणखी एक चोर असतो. पाणी शिरून गंजलेली वायरची जोडणी अथवा उंदराने कुरतडलेली वायरही सेन्सरच्या नावाने खोटी साक्ष देते.

विझविलेला दिवा पुन्हा का लागतो, याचे कोडेही येथेच सुटते. स्कॅनरने संकेत पुसले अथवा बॅटरीची तार काढून जोडली, की संगणक आपली तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. कन्व्हर्टरची परीक्षा घेण्यासाठी त्याला तापलेले इंजिन व काही वेळ एकसारखी चाल लागते. दादऱ्याहून सिल्वासाच्या बाजारापर्यंत जाऊन येण्यात ती परीक्षा पुरी होईलच असे नाही. म्हणून आठवडाभर दिवा गप्प राहतो. पुढे वापीजवळून ४८ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गास लागून कोणी मुंबईस वा सुरतेस निघाला, की वाटेत दिवा लागतो. लोक म्हणतात, ‘पुन्हा बिघाड झाला.’ वस्तुतः बिघाड गेलेलाच नव्हता, फक्त त्याची परीक्षा लांबली होती.

या उपकरणाचा इतिहासही हीच शिकवण देतो. ज्या दशकात दादरा मुक्त झाला, त्याच १९५० च्या दशकात यूजीन हूद्री हे फ्रान्समध्ये जन्मलेले अभियंते अमेरिकेत मोटारींसाठी कन्व्हर्टर तयार करीत होते. परंतु त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे आणि शिसे त्या लेपाला मारून टाकी. उपाय कन्व्हर्टर पुनःपुन्हा बदलण्यात नव्हता. उपाय पेट्रोलमधील शिसे काढण्यात होता. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचे झाले, ते शिसेविरहित पेट्रोलच्या साथीनेच. पुढे १ फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशात शिसेविरहित पेट्रोल आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम देशभर लागू झाले, तेव्हाही इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले. शहाण्यांनी प्रत्येक वेळी रोगाचे मूळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला शोधले. मग आपल्या अंगणातील मोटारीस वेगळा न्याय का?

यास्तव तपासणीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम संकेत लिहून घ्यावा आणि मगच तो पुसावा. दिवा लागला त्या क्षणीचे इंजिनाचे तापमान व वेग संगणक साठवून ठेवतो, तेही टिपावे. नंतर धूरनळीचे सांधे व वायरी डोळ्यांनी पाहाव्यात. फट असेल तेथे बहुधा काजळीचा डाग दिसतो व थंड इंजिन सुरू करताना फुसफुस ऐकू येते. मग प्लग, ऑइलची घट व रेडिएटरमधील पाण्याची पातळी तपासावी. शेवटी तापलेल्या इंजिनावर दोन्ही सेन्सरांचे आलेख पाहावेत. सामान्य सेन्सर असेल, तर अलीकडचा सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखाली होतो आणि कन्व्हर्टर निरोगी असल्यास पलीकडचा जवळजवळ स्थिर राहतो. पलीकडचाही अलीकडच्याची नक्कल करू लागला व नळीत कोठेही फट नसली, तरच कन्व्हर्टरवर बोट ठेवावे. काही नव्या गाड्यांतील अलीकडचा सेन्सर निराळ्या जातीचा असतो, त्याची मापे त्या गाडीच्या पुस्तिकेवरून घ्यावीत.

कोणी म्हणेल, ‘मेकॅनिकपाशी एवढा वेळ कोठे आहे?’ हा आक्षेप खरा आहे, परंतु त्याचा दोष आपल्याकडेही येतो. नव्या भागाचे पैसे आपण मुकाट्याने देतो, मात्र तासभर डोके चालवून दोष शोधणाऱ्यास मजुरी द्यावयाची म्हटले की आपला हात आखडतो. बुद्धीच्या श्रमास मोल नसेल, तर बुद्धी वापरील कोण? सेन्सर जुने होतात, कन्व्हर्टरही झिजतात आणि कधी ते बदलणेच योग्य ठरते, हे आम्हांस मान्य आहे. आमचा आग्रह एवढाच, की शिक्षेपूर्वी चौकशी व्हावी.

याहून वाईट मार्ग म्हणजे कन्व्हर्टर आतून पोकळ करून सेन्सरला फसविणे. त्याने दिवा विझेल, पण विष उघड्यावर येईल. आपल्या प्रदेशात कारखान्यांची दाटी आहे, रस्त्यावर मालमोटारींची रीघ आहे. शाळेच्या वाटेने चालत जाणाऱ्या बालकाच्या छातीत आपल्या गाडीचा धूर घालण्याचा हक्क कोणास आहे? चार पैसे वाचविण्यासाठी शेजाऱ्याचा श्वास गहाण टाकणे हा व्यवहार नव्हे, अधर्म होय.

विद्यार्थी मित्रहो, या कामी तुम्ही घरच्यांना खरी मदत करू शकाल. मोटारीत एक वही ठेवा. दिवा कोणत्या दिवशी लागला, तेव्हा गाडी किती किलोमीटर चालली होती, रस्ता चढाचा होता की सपाट, पाऊस होता का, ऑइल किती घटले, संकेत कोणता आला आणि काय दुरुस्त केले, हे सर्व तिच्यात लिहा. प्रयोगशाळेत निरीक्षण आधी व निष्कर्ष नंतर असे आपण शिकतो. ती शिस्त प्रयोगशाळेच्या दारातच सोडून यावयाची नसते. पुढील वेळी दिवा लागेल तेव्हा ‘कोणता भाग बदलू?’ असे विचारण्याऐवजी ‘हे कशामुळे झाले?’ असे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत वही मिटू नका.