चांदीचा मुलामा आणि पेशीचा श्वास

हुपरीच्या पैंजणांची चमक सर्वांना ठाऊक आहे. चांदीच्या मुलाम्याच्या द्रावणात बहुधा सायनाइड असते. ते शरीरात नेमके काय करते, हे मात्र कारागिरांच्या घरांतही फारसे बोलले जात नाही.

खाल्लेल्या भाकरीतील ऊर्जा ग्लायकोजेन आणि चरबीच्या रूपात साठते. ही झाली ठेव. पेशीला रोजच्या खर्चाला रोकड लागते, ती म्हणजे एटीपी. एका वेळी शरीरात ते असते जेमतेम शंभरेक ग्रॅम; पण सतत मोडून पुन्हा घडवल्याने दिवसभरात त्याची उलाढाल सुमारे आपल्या वजनाइतकी होते. बहुतांश एटीपी मायटोकाँड्रियात, ऑक्सिजनच्या मदतीने तयार होते. त्यातील शेवटच्या टप्प्यावरच्या विकराचे लोह सायनाइड अडवून धरते. मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरते. ठेव शिल्लक, रोकड संपलेली! मेंदू आणि हृदय काही मिनिटांत बंद पडू शकतात.

म्हणून राहत्या घरात सायनाइड नकोच. कारखान्यात ते कुलपात, चिठ्ठी लावून ठेवावे. पाण्याच्या बाटलीत कधीही नाही. आम्लाशी संपर्क आल्यास विषारी वायू सुटतो. कुणाला बाधा झाल्यास त्याला मोकळ्या हवेत न्यावे, तोंडाने श्वास देऊ नये, १०८ ला फोन करावा.

यावर उतारा आहे: हायड्रॉक्सोकोबालामिन, किंवा सोडियम नायट्राइट व थायोसल्फेट. तो दूरच्या मोठ्या रुग्णालयात असून भागणार नाही. जिथे चांदीचे काम चालते, तिथल्या सरकारी दवाखान्यातच तो हवा.