कोपरा पक्का, तर कुंपण पक्के



तारेचे कुंपण मधून क्वचितच पडते. ते पडते कोपऱ्यातून. तारेचा सगळा ताण शेवटच्या खांबावर येतो. मधले खांब तार फक्त उचलून धरतात. बालाघाट, वारासिवनी, लांजी या आपल्या धानाच्या पट्ट्यात पावसाळाभर बांधीत पाणी साचते. माती भुसभुशीत होते, कोपऱ्याचा खांब झुकतो, तार सैल पडते आणि रानडुकरांना वाट मिळते.

पुढे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. हाताशी आलेले पीक गेले की माणूस चिडतो, आकडा टाकतो आणि कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर लागते, कधी वाघ, तर कधी रात्री पाणी पाहायला निघालेला शेजारी. वाघ मेल्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तुरुंग ठरलेला. शेजारी मेल्यास त्याच्या लेकरांना काय सांगणार? शेतकऱ्याचा राग आम्हाला समजतो. पण अशी तार लावणे हा गुन्हा आहे आणि पापही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्षणभर ठोके देणारे झटका यंत्र निराळे आणि थेट लाइनवरून घेतलेली तार निराळी.

म्हणून पैसा आणि मेहनत कोपऱ्यावर घाला. कुंपण ४ फूट उंच असेल, तर कोपऱ्याचा खांब ८ फुटी घ्यावा व निम्मा जमिनीत पुरावा. कुंपणाच्या ओळीत ८ फुटांवर दुसरा खांब रोवून दोघांच्या माथ्याशी आडवी बल्ली घट्ट बसवावी. मग कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत दुहेरी तार तिरपी बांधून दांडक्याने पीळ द्यावा. ही तार उलट्या दिशेने बांधली, तर काही उपयोग नाही. कोपऱ्यातून दोन बाजूंना कुंपण जाते, म्हणून ही जोडणी दोन्ही बाजूंना हवी.

मऊ जमिनीत ताणाने कोपऱ्याचा खांब वर उपसतो आणि दुसरा खाली रुततो. तेव्हा पहिल्याच्या बुडाशी आडवा ओंडका पक्का बांधून पुरावा, दुसऱ्याखाली सपाट दगड ठेवावा. खड्डा चिखलाने भरू नये. मुरूम घालून दर अर्ध्या फुटाला धुमसाने चोपावे. हे काम धान कापल्यावर, जमीन वाळल्यावर करावे आणि पहिल्या पावसानंतर पीळ पुन्हा तपासावा.

एवढा खर्च कोण करील, असे कोणी म्हणेल. धुरा दोघांचा असतो. कोपराही दोघांनी मिळून उभारावा. ज्या शेजाऱ्याचा जीव वाचवायचा, तोच मदतीला आला तर खर्च निम्मा होतो.